इथिओपियातील तीन आठवडे, आणि ‘गरीब देश’ या शब्दाविषयी

पायवाट (धागाकर्ता)

२०२० च्या जानेवारीत, करोनाचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचण्याच्या काही आठवडे आधी, मी इथिओपियात तीन आठवडे हिंडून आलो. त्या वेळी लिहिलेली वही परवा कपाट आवरताना सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिग्रायमध्ये युद्ध पेटले आणि दोन वर्षे चालले. २०२३ पासून अम्हारा प्रांतातही सशस्त्र संघर्ष सुरू झाला. त्यामुळे पुढचे वर्णन वाचून कोणी लगेच तिकीट काढावे, अशी माझी अपेक्षा नाही.

निघण्यापूर्वी घरच्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता, की तिथे पाहण्यासारखे काय आहे. त्यात त्यांचा दोष नाही. १९८४-८५ च्या दुष्काळाची छायाचित्रे आमच्या पिढीच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहेत की वर्गातल्या काडीपैलवान मुलाला आम्ही खुशाल ‘इथिओपिया’ म्हणत असू आणि मास्तरही त्यावर हसत असत. मुंबईहून थेट विमानाने पाच-सहा तासांत आदिस अबाबाला उतरलो, तेव्हा पहिला धक्का बसला तो थंडीचा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे आणि मी अंगात सुती सदरा घालून ‘आफ्रिकेत’ आलो होतो. दुसरा धक्का रस्त्यावर बसला. तीन चाकी रिक्षेला तिथे ‘बजाज’ असेच म्हणतात. ते तिथल्या भाषेत सामान्यनामच झाले आहे. तिसरा धक्का पोरांनी दिला. मला पाहताच ती ‘फेरेंज, फेरेंज’ असे ओरडत मागे लागली. फेरेंज म्हणजे आपला फिरंगी. आयुष्यात आपल्याला कोणी फिरंगी म्हणेल, ही कल्पना मी केली नव्हती.

उत्तरेकडे वोलो भागात जाण्यासाठी मी बसचे तिकीट काढले. तिकीट देणाऱ्याने गाडी अकराला सुटेल असे सांगितले, म्हणून मी न्याहारी करून साडेदहाला स्थानकावर गेलो, तर गाडी पहाटे पाचलाच निघून गेली होती. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले पहाटेचे पाच म्हणजे त्यांचे रात्रीचे अकरा. पैसे बुडाले आणि त्या दिवशी मी त्या कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. रात्री खोलीवर लक्षात आले की दिवस उजाडल्यापासून मोजणे आपल्याला तरी कुठे परके आहे? आपला पहिला प्रहर सूर्योदयालाच सुरू होतो. त्यांच्या पंचांगात तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असतो, आणि त्यांचे वर्ष आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. मी गेलो तेव्हा तिथे २०१२ सुरू होते. ‘हा देश आठ वर्षे मागे आहे’ असा विनोद प्रवासी करतात. शालिवाहन शक ७८ वर्षे मागे आहे, हे त्यांना सांगायला हवे.

दुसऱ्या दिवशीची गाडी मिळाली. डेसी सोडल्यावर वोल्डियाच्या वाटेवर तिचे चाक फुटले आणि आम्ही दोन तास एका खळ्याच्या कडेला बसलो. टेफची मळणी चालली होती. टेफचा दाणा राजगिऱ्याहूनही बारीक असतो. शेणाने सारवलेल्या खळ्यावर चार बैल गोल फिरत होते, एक पोरगा काठी घेऊन त्यांच्या मागे होता आणि म्हातारा लाकडी फावड्याने वाऱ्यावर उफणत होता. मधला तिवडा तेवढा नव्हता. बाकी सारे माझ्या आजोबांच्या खळ्यासारखे होते. कोणीतरी आम्हा प्रवाशांना घरी बोलावले आणि आम्ही पाच-सहा जण गेलो. निलगिरीच्या खांबांचे, मातीने लिंपलेले घर, वर पत्रा, आतल्या भिंतींवर वर्तमानपत्रे चिकटवलेली. घरच्या बाईने जमिनीवर हिरवे गवत पसरले, कॉफीचे कच्चे दाणे धुऊन निखाऱ्यावर भाजले आणि ती धुराची कढई प्रत्येकाच्या नाकासमोर फिरवली. मग दाणे कुटून ‘जबना’ नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळली. कॉफी तीन वेळा होते: अबोल, तोना आणि बरका. तिसरी घेतल्याशिवाय उठणे शिष्टसंमत नाही. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये त्या घरची दहा-बारा वर्षांची मुलगी रिकामी वाटी घेऊन हळूच मागच्या दाराने गेली आणि साखर घेऊन आली. पाहुण्यांनी हे पाहू नये म्हणून बाईने अंग थोडे वळवले होते. मी पाहिले, आणि नंतरचे दोन्ही प्याले बिनसाखरेचे घेतले. तो तिच्या दृष्टीने अपमान होता की काय, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

लालिबेलाविषयी सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून एवढेच लिहितो की कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला तिथली अकरा चर्च पाहून विस्मयापेक्षा ओळखच अधिक वाटते. आधी कळस, मग पाया. डोंगर वरून खाली कोरत आणलेला. आपले कैलास आठव्या शतकातले, ही चर्च साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली आणि आजही पूजेत असलेली. परदेशी माणसाला प्रवेशमूल्य ५० डॉलर होते. बाहेर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा भेटला. त्याला पैसे नको होते, शब्दकोश हवा होता. मी दुकानात जाऊन तो घेऊन दिला. संध्याकाळी तोच शब्दकोश, कोपरा दुमडलेला, पुन्हा त्याच दुकानाच्या फळीवर दिसला. पोराने तो परत करून रोख घेतली होती, दुकानदाराने आपला हिस्सा कापून घेतला असणार. मला राग आला. मग विचार केला की त्याला रोख हवी होती आणि फेरेंज रोख देत नाहीत, पुस्तक देतात. तेव्हा माझ्या चांगुलपणाचे चलन त्याने फक्त मोडून घेतले.

आदिसच्या डोक्यावर एन्तोतो नावाचा डोंगर आहे. तिथून निलगिरीच्या फांद्यांच्या मोळ्या पाठीवर घेऊन बायका शहराकडे उतरतात. त्यांचे एक छायाचित्र माझ्याकडे आहे. ते इथे लावावे की नाही, हे ठरत नाही.

परतल्यावर मित्रांनी ‘गरीब देश कसा वाटला’ असे विचारले. मला उत्तर देता येईना. दरडोई उत्पन्न तेव्हा वर्षाला हजार डॉलरांच्या आत, आपल्या निम्म्याहून कमी. हे खरे आहे. पण ‘गरीब’ म्हटले की समोरच्याच्या मनात जे उभे राहते, त्यात ते खळे, ती वाटी आणि तो शब्दकोश कुठेच बसत नाहीत. जाणकारांनी लिहावे.

आंबोळी

लेख आवडला. शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते, हे कृपया लिहावे. इंजेरा आपल्या आंबोळीसारखी असते असे ऐकले आहे आणि माझ्या सदस्यनामामुळे हा प्रश्न मला विचारणे भागच आहे.

पायवाट

उत्तम होते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपवासांच्या काळात मांस, अंडी, दूध काहीच घेत नाहीत. भाविक माणसाचे वर्षातले निम्मे दिवस असे जातात. त्या दिवशी ‘त्सोम’ एवढा शब्द उच्चारला की एका मोठ्या इंजेऱ्यावर मसूर, पालेभाजी, बीट, कोबी यांचे ढीग मांडून येतात. ‘शिरो’ म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे तिखट पिठले, त्यात दुमत नाही. इंजेरा मात्र आंबोळीपेक्षा पुष्कळ आंबट असते, कारण टेफचे पीठ दोन-तीन दिवस आंबवतात. जेवताना यजमान आपल्या हाताने तुमच्या तोंडात घास घालतो, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. पन्नाशीच्या मिशाळ ड्रायव्हरने मला घास भरवला, तेव्हा नाव घ्यायला सांगतात की काय, अशी भीती वाटली.

हिशेबी

लेख सुंदर आहे, पण मला त्यातला एक सूर खटकतो आणि तो स्पष्टपणे मांडतो. गरीब देशात जाऊन आलेला प्रत्येक प्रवासी तिथल्या माणसांच्या आतिथ्याचे गोडवे गातो. उसनी साखर घालून कॉफी पाजणारी बाई आपल्याला भावते, कारण तिची साखर संपलेली असते आणि आपली संपलेली नसते. साखर नसणे ही संस्कृती नव्हे. तिथे जमीन १९७५ पासून सरकारच्या मालकीची आहे, १९९५ च्या राज्यघटनेनेही तेच कायम ठेवले. शेतकऱ्याला कसण्याचा हक्क आहे, विकण्याचा नाही. भावाभावांत वाटणी होत होत एका कुटुंबाकडे सरासरी हेक्टरभर किंवा त्याहून कमी जमीन उरली आहे आणि शेती बहुतांशी पावसावर चालते. तुम्ही आजोबांचे खळे आठवून हळवे झालात. तुमच्या आजोबांच्या नातवाने ते खळे सोडले म्हणूनच त्याला आदिसचे तिकीट काढता आले.

शब्दकोशाविषयीचे तुमचे मत मात्र पटले.

माणदेशी

हिशेबी यांचा मुद्दा योग्य आहे, तरी मला वेगळ्या बाजूने लिहायचे आहे. वोलोचे नाव वाचले आणि माझे बालपण आठवले. १९७२ साली मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. आमच्या गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि आई-वडील दोघेही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. शाळेतून सुटलो की आम्हीही जात असू. जेवायला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि वास यायचा. कामावर सुकडी मिळे, तिचीच वाट पाहायची. त्या वेळी कोणी परदेशी प्रवासी आमच्या शिवारातून गेला असता, तर त्याने आमचेही छायाचित्र काढले असते आणि ते गरीब देशाचे म्हणून कुठेतरी छापून आले असते.

पुढे शिक्षकी करताना वाचनात आले की नेमक्या त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, वोलोतही दुष्काळ होता. तिथे माणसे मेली, फार मोठ्या संख्येने मेली, आणि सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने ते दडपण्याचा प्रयत्न केला. १९७४ मध्ये त्यांची गादी गेली, त्यामागे हाही एक असंतोष होता. अमर्त्य सेन यांनी त्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवले की देशातले एकूण धान्य फारसे घटले नव्हते. वोलोच्या माणसाकडे ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती, म्हणून दुष्काळ असतानाही तिथून धान्य बाहेर जात होते. आमच्याकडे पाऊस काही कमी दगाबाज नव्हता. पण १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, त्यांना मजुरी मिळत होती, विधानसभेत आरडाओरडा होत होता, मोर्चे निघत होते आणि वर्तमानपत्रे छापत होती. वडिलांना शनिवारी हजेरीपटावर अंगठा उठवून पैसे मिळाले की आठवडी बाजारातून मिलोखेरीज काहीतरी यायचे. म्हणून मला ‘गरीब देश’ याऐवजी असे विचारावेसे वाटते, की त्या वर्षी तिथल्या माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर उठत होता.

पायवाट

माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून मी वही पुन्हा उघडली. वोल्डियाच्या वाटेवरच्या नोंदीत एक ओळ आहे: ‘डोंगरभर दगडी बांध. पन्नासेक माणसे, बायका जास्त. कोणीतरी नावे घेत आहे.’ तेव्हा मी चौकशी केली नव्हती. आता लक्षात येते की ते ‘सेफ्टी नेट’चे काम असणार. २००५ पासून तिथे अशी सरकारी योजना चालते. गरजू कुटुंबांनी वर्षातले काही महिने बांधबंदिस्ती, रस्ते, पाणी अडवण्याची कामे करायची आणि त्याबद्दल रोख किंवा धान्य घ्यायचे. ती नावे घेणारी व्यक्ती म्हणजे तुमचा हजेरीपट. मी बसच्या खिडकीतून तो पाहिला आणि बांधांचेच छायाचित्र काढले.

हिशेबी, खळ्याच्या बाबतीत हार मान्य. कॉफीच्या बाबतीत अर्धीच. साखर नसणे ही संस्कृती नाही, हे खरे. पण साखर नसताना कोणत्या दाराने मागायला जायचे, ही आहे.

खडकीकर

थोडे माझ्या गावाविषयी लिहितो, कारण त्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाणारे शहर खडकी या नावाने ज्याने वसवले, तो मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि हातोहात फिरत दख्खनमध्ये आलेला माणूस होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार त्याने पाव शतक पेलला, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले आणि शहाजीराजे त्याच्या पदरी असलेल्या सरदारांत होते. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत आपल्या इतिहासात मलिकंबरी म्हणून ओळखली जाते. त्याने शहरात आणलेल्या नहरीचे बंब आणि खापरी नळ आम्ही लहानपणी पाहिले आहेत. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

असे असूनही ‘हबशी’ हा शब्द आपण कसा वापरतो, ते प्रत्येकाने आठवून पाहावे. रंगाने काळ्या मुलाला हबशी म्हणणे माझ्या शाळेतही चालत असे, आणि ती शाळा हबशाने वसवलेल्या गावात होती.

हवासा_सांगली

मी एका वस्त्रोद्योगात नोकरीनिमित्त दक्षिणेकडील हवासा शहरात चार वर्षे राहिलो, म्हणून दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

खडकीकर म्हणतात तो शब्द तिथे अभिमानाचा आहे. लोक स्वतःला ‘हबेशा’ म्हणवतात, उपाहारगृहांना ते नाव देतात. मात्र सगळेच नाही. तो प्रामुख्याने उत्तरेकडच्या पठारावरील अम्हारा आणि तिग्राय लोकांचा शब्द आहे. ओरोमो हा देशातला सर्वांत मोठा समाज, आणि त्यांतले अनेक जण हे नाव आपले मानत नाहीत. माझ्या हाताखालच्या सिदामा मुलीला मी एकदा कौतुकाने हबेशा म्हणालो. तिने मान हलवली नाही. तिथे ‘हो’ म्हणताना बरेच जण श्वास झटकन आत ओढतात, ‘हँ’ असा. तो आवाज त्या दिवशी आला नाही, एवढ्यावरून मी समजलो.

गरिबीविषयी म्हणाल, तर ती मी पगाराच्या कागदावर पाहिली. खासगी क्षेत्रासाठी कायद्याने ठरवलेले किमान वेतन तिथे नव्हते आणि २०१९ च्या सुमारास शिवणकामाच्या मुलीचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलरच्या आसपास होता. चार मुली एका खोलीत राहत, तरी महिनाअखेर हात रिकामे. बऱ्याच जणी वर्षभरात सोडून जात आणि आमचे परदेशी व्यवस्थापक त्याला आळस म्हणत. त्याच मुली दर पंधरवड्याला ‘इकुब’ भरत. इकुब म्हणजे आपली भिशी, चिठ्ठी टाकून ज्याचे नाव निघेल त्याला रक्कम. दुसरी संस्था ‘इदिर’. वस्तीतल्या प्रत्येक घराने दरमहा थोडी वर्गणी द्यायची आणि कोणाकडे मृत्यू झाला की तंबू, बाके, मोठी पातेली, रोख रक्कम आणि रात्रभर बसायला माणसे इदिरने पुरवायची. माझ्या घरमालकाची आई वारली, तेव्हा दोन तासांत गल्लीत तंबू उभा होता. मी वर्गणीदार नव्हतो, तरी बाके उचलायला मला हक्काने हाक मारली गेली.

२०२२ च्या आरंभी अमेरिकेने युद्धामुळे करमुक्त निर्यातीची सवलत काढून घेतली आणि आमच्या कारखान्याच्या मागण्या आटल्या. युद्ध हवासापासून शेकडो किलोमीटर दूर होते. त्याच्याशी काही संबंध नसलेल्या मुली पहिल्यांदा घरी गेल्या. आणि हाच देश नील नदीवर पाच हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेचे धरण मुख्यतः स्वतःच्या पैशाने बांधत होता, त्याचे रोखे सरकारी कर्मचाऱ्यांनी एकेका महिन्याचा पगार घालून घेतले होते. २०२५ च्या सप्टेंबरात त्या धरणाचे उद्घाटन झाले. हिशेबी यांनी याचा हिशेब करून सांगावा. मला जमलेला नाही.

हिशेबी

मलाही जमणार नाही. भिशीबद्दल विचारतो: रक्कम घेऊन कोणी पळून गेले, तर काय करत?

हवासा_सांगली

इकुबमध्ये शिरायला जामीन लागतो, आणि पळणाऱ्याला वस्तीत पुन्हा तोंड दाखवता येत नाही. माझ्या चार वर्षांत एकदाच असे झाले. ती मुलगी नव्हती, आमचा पर्यवेक्षक होता.

कुंदकळी

इतक्या पुरुषी चर्चेत एक प्रश्न राहून गेला. एन्तोतोच्या बायकांचे छायाचित्र लावावे की नाही, असे धागाकर्त्यांनी लिहिले, पण त्या बाईशी बोलणे झाले का, ते लिहिले नाही. मोळीविक्या बायका आमच्या घाटातही होत्या. माझी आजी त्यांच्यातली. तिचे छायाचित्र कोणी काढले असते तर आम्हाला हवे होते. आमच्याकडे तिचे एकही नाही.

पायवाट

कुंदकळी, तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. मूळ लेखातून ते मी मुद्दाम वगळले होते.

एन्तोतोवरची निलगिरी मूळची तिथली नाही. सम्राट मेनेलिक यांच्या काळात, नव्या राजधानीभोवतीचे जळण संपू लागले तेव्हा ती ऑस्ट्रेलियाहून आणून लावली गेली. बायका तिच्या फांद्या आणि वाळका पाला गोळा करून माणसापेक्षा रुंद मोळी बांधतात आणि ती आडवी पाठीवर घेऊन कमरेत वाकून उतरतात. मी छायाचित्र घेतले ती बाई साठीची असावी. रस्त्याकडेच्या कठड्यावर मोळी टेकवून ती विसावली होती. कॅमेऱ्याचा आवाज ऐकून तिने मान वळवली आणि हात पुढे केला. मी दहा बिरची नोट दिली. तिने ती उजेडात धरून पाहिली, नेतेलाच्या, म्हणजे पांढऱ्या सुती उपरण्याच्या, पदराला गाठ मारून ठेवली आणि मला जवळ बोलावले. मला वाटले, आणखी पैसे हवे असतील. तिने मोळीकडे बोट दाखवले. पुन्हा पाठीवर घ्यायला तिला हात हवा होता.

मी दोन्ही हात घालून मोळी उचलायचा प्रयत्न केला आणि ती जागची हलली नाही. बाई हसली, दोर कसा धरायचा ते तिने दाखवले आणि मी मागून नुसता रेटा दिला. मोळी तिच्या पाठीवर बसली. ती ‘ईशी’ म्हणाली, म्हणजे ‘ठीक आहे’, आणि उतरणीला लागली. माझ्या तळहातांना निलगिरीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत येत होता. छायाचित्रात हे काहीच नाही. त्यात ती नुसती वाकलेली आहे.